पहिला आणि दुसरा यांमधले अंतर

आमच्या मंडळाच्या निबंधस्पर्धेसाठी एका सभासदाने वडिलांच्या स्मरणार्थ पाच हजार रुपये दिले आणि एरवी अर्ध्या तासात आटोपणारी कार्यकारिणीची बैठक दीड तास चालली. पारितोषिके दोनच असावीत, एवढीच दात्याची अट होती. रकमेची विभागणी त्याने आमच्यावर सोपवली होती. एका सभासदांच्या मते तीन हजार आणि दोन हजार हा सभ्य मार्ग होता. एका भगिनींचे म्हणणे असे की, पहिला तो पहिलाच, त्याला चार हजार तरी हवेत. तिसऱ्यांनी जुने इतिवृत्त काढून पूर्वीचे प्रमाण वाचून दाखवले. अखेर अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, आपला जन्म आकड्यांत गेला. आपणच काय तो एक आकडा सांगा."

शासकीय सेवेत असताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले होते, की सवयीने एक आकडा ओठांवर आलाही. पण मी थांबलो आणि पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मागून घेतली. त्या मुदतीत जे जे आठवत गेले ते पारितोषिकापुरते राहिले नाही. म्हणून हे लेखन.

हा प्रश्न आमच्या मंडळाने प्रथम विचारलेला नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १९०२ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात विचारला होता. शंभर पौंड आहेत, पारितोषिके दोन आहेत; कसे वाटावेत? गाल्टनची युक्ती साधी होती. ज्याला काहीच मिळत नाही अशांतला सर्वांत वरचा म्हणजे तिसरा. त्या तिसऱ्यापेक्षा पहिला जेवढा सरस, त्या मानाने पहिले पारितोषिक. आणि दुसरा जेवढा सरस, त्या मानाने दुसरे. स्पर्धकांचे गुण गणिती घंटाकृतीप्रमाणे विखुरलेले आहेत असे धरून त्याने हिशेब केला, तेव्हा उत्तर आले सुमारे पंचाहत्तर आणि पंचवीस. स्पर्धक थोडे असोत वा पुष्कळ, हे प्रमाण फारसे हलत नाही, हे पाहून त्याला स्वतःलाच नवल वाटले. कार्ल पिअर्सनने त्याच खंडात त्या प्रश्नाची व्यापक उकल दिली.

संख्याशास्त्राच्या ज्या शाखेचा हा एक आरंभ, तिचे काम म्हटले तर अगदी घरगुती आहे. हाती आलेली मूल्ये लहानमोठी लावायची आणि विचारायचे: सर्वांत मोठे सरासरीने केवढे असेल? दुसरे केवढे? आणि ही उत्तरे किती हेलकावे खातील? पाठ्यपुस्तकांत सरासरी, विखुरणे इत्यादींना मोमेंट्स किंवा परिबले म्हणतात. येथे ती सर्व नोंदींच्या ढिगाची न काढता एकेका क्रमांकाची काढायची असतात. ढिगाला सरासरी असते हे सर्वांना ठाऊक असते. 'पहिल्या क्रमांका'लाही स्वतःची सरासरी आणि स्वतःची चंचलता असते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

बडोद्याच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकत असताना एक सिद्धान्त फळ्यावरून वहीत उतरवून घेतल्याचे मला आठवते. दहा दिवे एकाच वेळी लावले आहेत आणि त्यांना म्हातारपण नाही, म्हणजे आतापर्यंत किती जळला यावर पुढे किती जळेल हे अवलंबून नाही, अशी कल्पना करा. प्रत्येकाचे सरासरी आयुष्य एक वर्ष. दहा दिवे जळत असताना त्यांतला कोणता तरी पहिला विझण्यास सरासरी वर्षाचा दहावा भाग लागतो. नऊ उरले की पुढच्यास नववा भाग. असे करता करता दोन उरतात तेव्हा अर्धे वर्ष, आणि शेवटचा एकटा उरला की त्याच्यापुढे पुन्हा पूर्ण एक वर्ष असते. दिवे दहा असोत की दहा हजार, शेवटच्या दोघांमधले अंतर सरासरीने एक वर्षच. ही सगळी अंतरे एकमेकांपासून स्वतंत्र असतात, हे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३७ सालच्या एका शोधनिबंधात दाखवले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेलेले आणि पुढे पोषणशास्त्रातील कार्यामुळे जगाला ठाऊक झालेले हेच ते सुखात्मे. वहीत उतरवताना हे मला माहीत नव्हते. असते, तर कदाचित तो सिद्धान्त परीक्षेनंतरही लक्षात राहिला असता.

आता गाल्टनचा प्रश्न या दिव्यांना विचारून पाहा. पहिला दुसऱ्याहून एकाने मोठा, दुसरा तिसऱ्याहून अर्ध्याने. म्हणजे पहिला तिसऱ्याहून दीडने सरस, दुसरा अर्ध्याने: तीनास एक, अगदी काटेकोर. पंचाहत्तर आणि पंचवीस.

पण सगळेच जग दिव्यांसारखे नसते. म्हणून संख्याशास्त्रज्ञांनी लवचीक वितरणांची कुटुंबे कल्पिली. एखाद्या कुटुंबात एकच कळ असते. ती फिरवली की त्याच सूत्रातून निरनिराळ्या स्वभावाची वितरणे बाहेर पडतात. परेटोच्या नावाने ओळखले जाणारे एक व्यापक कुटुंब असे आहे. कळ एकावर ठेवली, तर मूल्यांना वरून झाकण असते. त्याच्या वर काही जाऊच शकत नाही. कळ शून्यावर आणली की सुखात्म्यांचे दिवे. शून्याखाली उतरू लागली की वितरणाची शेपटी लांब आणि जड होत जाते. कागद-पेन्सिल घेऊन मी या तिन्ही ठिकाणी पहिल्या-दुसऱ्यातले सरासरी अंतर काढले. झाकण असेल तेथे ९ नोंदींत ते ०.१ असते, आणि नोंदी ९९ झाल्या की ०.०१ एवढेच उरते. दिव्यांच्या बाबतीत ९ नोंदींतही १ आणि ९९ नोंदींतही १. कळ उणे ०.२ वर, म्हणजे शून्याच्या जराशी खाली नेली, की ९ नोंदींत १.८, आणि ९९ नोंदींत २.९! नोंदी वाढल्या की पहिला दुसऱ्याच्या जवळ येईल, हा आपला समज फक्त झाकणाच्या जगात खरा आहे. पारितोषिकाचे प्रमाणही कळीबरोबर फिरते: झाकणाच्या जगात दोनास एक, दिव्यांच्या जगात तीनास एक, जड शेपटीच्या त्या जगात साडेतीनास एक.

येथवर हा विषय बुद्धीच्या करमणुकीचा वाटेल. माझ्या आयुष्यात तो तेवढाच राहिला नाही. राज्य शासनाच्या पाण्याशी संबंधित एका खात्यात माझी बहुतेक नोकरी गेली, आणि तेथे माझ्या टेबलावरचा प्रश्न गाल्टनचाच होता. स्पर्धक तेवढे माणसांऐवजी पावसाळे होते. प्रत्येक वर्षाची नदीची सर्वांत उंच पातळी नोंदवहीतून काढायची, सगळी वर्षे उतरत्या क्रमाने लावायची, एका विशिष्ट आखणीच्या कागदावर ठिपके मांडायचे, त्यांतून पट्टीने सरळ रेषा ओढायची आणि ती पुढे वाढवून सांगायचे, की अमुक पातळी इतक्या वर्षांतून एकदा. ती आखणी एमिल गुम्बेल या गणितज्ञाच्या वितरणावर बेतलेली असे. जर्मनीतील राजकीय खुनांची मोजदाद करून ती छापणारा, त्यापायी विद्यापीठातली जागा आणि पुढे देशही गमावलेला हा मनुष्य. १९५८ साली कमाल-किमान मूल्यांवरचा त्याचा ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आम्हांला तो ठाऊक होता फक्त कागदाच्या नावाने. त्या कागदावर रेषा सरळ येते ती कळ शून्यावर आहे असे गृहीत धरल्यामुळे, हे शिकलो होतो. रोज आठवत नव्हतो.

१९९४ साली माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, बडोद्यात विश्वामित्रीपासून फार दूर नसलेल्या एका वसाहतीत प्लॉट घेतला. पावागडच्या डोंगरांत उगम पावून शहराच्या मधोमध वाहणारी ही नदी उन्हाळ्यात पाहिली तर तिला नदी म्हणवत नाही. मगरी मात्र तिच्यात बारमाही. भावोजींनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले होते आणि बांधकामाचा एक एक रुपया मोजला जात होता. कंत्राटदाराचे म्हणणे होते की, जोते आणखी दोन फूट उचलावे. भरावाचा, दगडाचा आणि मजुरीचा खर्च ऐकून भावोजी माझ्याकडे आले आणि अर्धवट थट्टेने म्हणाले, "काय राव, तुमच्या खात्याचे काय म्हणणे आहे?"

माझ्याकडे ४० वर्षांची नोंदवही होती. मी एका संध्याकाळी बसून रेषा ओढली आणि दुसऱ्या दिवशी सांगितले, "आहे त्या जोत्यापर्यंत पाणी येणे म्हणजे पन्नास वर्षांतून एकदा." भावोजींचा चेहरा खुलला. दोन फुटांचा भराव रद्द झाला आणि त्या पैशांत स्वयंपाकघराची फरशी झाली.

२००५ साली फरशीवर वीतभर पाणी आले. "झाले, पन्नास वर्षांतले एकदाचे येऊन गेले," असे भावोजी म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, याची मला आज लाज वाटते. भावोजी २०११ साली गेले. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि अक्काच्या घरात गुडघाभर पाणी शिरले. भावोजींची पेटी खाली दिवाणाजवळ होती. तिचा भाता फुगून फाटला. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री काळ्या घोड्याच्या पुलापाशी ३५ फुटांच्याही वर गेली. तेथील धोक्याची पातळी २६ फूट आहे. त्या वेळी पाणी अक्काच्या कमरेच्या वर होते. शेजारच्या मुलांनी तिला हात धरून जिन्याने गच्चीवर नेले आणि दोन रात्री ती शेजाऱ्यांच्या ताडपत्रीखाली होती. तिचे वय तेव्हा ७६. दूरध्वनी बंद, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मधले रस्ते पाण्याखाली.

त्या दोन रात्री मी जुना हिशेब पुन्हा केला. जोते दोन फूट उंच असते तर २००५चे पाणी घरात आले नसते. २०१९चेही नसते. २०२४चे आले असते, पण गुडघ्याच्या आत राहिले असते. माझ्या एका वाक्याची किंमत ही एवढी.

चूक कोठे झाली? पहिली चूक सांगण्याची. पन्नास वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी दोन टक्के. तीस वर्षे राहायचे असेल, तर एकदाही पाणी न येण्याची शक्यता जेमतेम ५५ टक्के. हे गणित माझ्या आकड्याच्या पोटातच होते. भावोजींना मी ते उलगडून दाखवले नाही.

दुसरी चूक पहिल्या क्रमांकावर विश्वास ठेवण्याची. ४० वर्षांतली सर्वांत मोठी नोंद ही 'साधारण चाळीस वर्षांतून एकदा' घडणारी गोष्ट, असे आम्ही धरत असू. पण पहिल्या क्रमांकाची चंचलता काढून पाहिली तर काय दिसते? वितरण कोणतेही असो, ४० नोंदींतला सर्वांत मोठा आकडा वस्तुतः १४ वर्षांतून एकदा येणारा असू शकतो किंवा ७८० वर्षांतून एकदा येणारा. नव्वद टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते. आणि नोंदी वाढवल्याने ही चंचलता विरतही नाही. दिव्यांच्या जगात सर्वसाधारण सरासरीचे प्रचरण ९ नोंदींत एकनवमांश आणि ९९ नोंदींत एक नव्व्याण्णवांश इतके घटते. सर्वांत मोठ्या मूल्याचे मात्र १.५४ वरून १.६३ होते, म्हणजे किंचित वाढतेच. चाळीस वर्षांची वही हातात आहे म्हणून मी निर्धास्त होतो. ती वही सरासरी पावसाळ्याबद्दल बोलण्यास पुरेशी होती, भयंकर पावसाळ्याबद्दल नव्हे.

तिसरी चूक कळीची. कागद शून्याचा होता म्हणून जगही शून्याचे, असे मी मानले. कळ कोठे आहे हे नोंदींनाच विचारण्याचा मार्ग तोवर निघाला होता. हॉस्किंग यांनी १९९० साली मांडलेली एल-मोमेंट्स ही क्रमवार मूल्यांच्या सरासरींतूनच घडतात. कोणतीही दोन वर्षे उचला आणि मोठ्यातून धाकटे वजा करा. अशा सर्व जोड्यांच्या फरकांच्या सरासरीचे अर्धे म्हणजे विखुरण्याचे माप. तीन-तीन वर्षे उचला आणि मधले वर्ष दोन्ही टोकांच्या मध्यावर बसते की खालच्या बाजूस झुकते ते पाहा. त्यातून शेपटीचा कल कळतो. जुन्या पद्धतीत फरकांचे वर्ग आणि घन करावे लागत, त्यामुळे एखादे विलक्षण वर्ष सगळा हिशेब आपल्याकडे ओढून नेई. येथे प्रत्येक वर्षाला त्याच्या क्रमाप्रमाणे बोलू दिले जाते. सेवेच्या उत्तरार्धात एका प्रशिक्षणवर्गात हे मी शिकलो आणि परत येऊन त्याच ४० नोंदींवर चालवून पाहिले. कळ शून्याखाली सरकली होती. पन्नास वर्षांचा माझा आकडा तिशीच्या आत आला. तो कागद मी घडी घालून कपाटात ठेवला. घर बांधून झाले होते. आता सांगून काय उपयोग, अशी मी स्वतःची समजूत घातली. इतर चुका अज्ञानाच्या किंवा घाईच्या म्हणता येतील. ही तशी नव्हती. सांगितले असते, तर पेटी तरी माळ्यावर गेली असती.

याशिवाय एक गोष्ट कोणत्याच कळीत मावत नाही. हे सर्व गणित सगळे पावसाळे एकाच पठडीतले आहेत असे मानते. तीस वर्षांत शहर पसरले, तळी बुजली, पाणी मुरण्याची जागा डांबराने आणि सिमेंटने झाकली गेली. आणि पाऊसही पूर्वीसारखा राहिलेला नाही. जुन्या स्पर्धकांच्या गुणांवरून नव्या स्पर्धेचा निकाल सांगण्यासारखे ते आहे.

पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांनी मी अक्काला सगळे सांगितले, कपाटातल्या कागदाचेही. ती बराच वेळ भिंत पुसत राहिली. मग म्हणाली, "तू पन्नास म्हणालास ना, ते तेवढे मला ऐकू आले. 'एकदा' ऐकूच आले नाही." आणि थोड्या वेळाने, "पण तो दुसरा कागद तू मला दाखवायला हवा होतास रे. मी काही दहावी नापास नाही." मी मान खाली घातली. ती रागावली नव्हती, हे अधिक जड गेले.

दिवाणखान्याच्या भिंतीवर तिने पेन्सिलीने तीन रेघा मारून ठेवल्या आहेत: २००५, २०१९, २०२४. खालून वर, त्याच क्रमाने. त्या दाखवून तिने विचारले, "आता याच्या वर किती?"

मी तिला एक आकडा सांगितला नाही. जे सांगता येते ते सांगितले. पूर एकाच पठडीतले असतील, तर चौथा पूर तिन्ही रेघांच्या वर जाण्याची शक्यता चारांत एक; यासाठी कोणतेच वितरण गृहीत धरावे लागत नाही. तीन पूर असे चढत्या क्रमाने निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता सहांत एक. पूर वाढताहेत हे सिद्ध करण्यास ती अपुरी, पण निर्धास्त झोपण्यासही अपुरी. आणि वर गेला तर किती वर जाईल, हे पहिल्या-दुसऱ्यातल्या अंतरावर अवलंबून. ते अंतर कळीवर. आणि कळ कोठे आहे हे तीन रेघांना विचारून कळत नाही. अक्काने शांतपणे ऐकून घेतले. मग विजेचा मीटर वर नेण्यास किती खर्च येईल, असे विचारले. तो खर्च मी केला. गच्चीवर एक खोली बांधून झाली आहे. कागदपत्रे, धान्याच्या कोठ्या आणि दुरुस्त न झालेली पेटी आता तेथे आहेत.

पुढच्या बैठकीत मी कार्यकारिणीपुढे एक पानाचे टिपण ठेवले. त्यात तीन विभागण्या होत्या: ३,३३३ आणि १,६६७, ३,७५० आणि १,२५०, ३,८८९ आणि १,१११. प्रत्येकीखाली ती कोणत्या गृहीतावर उभी आहे ते एका ओळीत लिहिले होते. अध्यक्ष हसून म्हणाले, "अहो साहेब, आम्ही एक आकडा मागितला होता!" मी म्हणालो, "आकडा आपण निवडा. खालची ओळ मात्र इतिवृत्तात राहू द्या."

साडेतीन हजार आणि दीड हजार ठरले. ओळ इतिवृत्तात आहे.